समितीसाठी बांधलेला साकव

आमदाराच्या कार्यअहवालात काय छापायचं नाही, हे ठरवण्यात माझी निम्मी नोकरी गेली. काय छापायचं हे ठरवायला अक्कल लागत नाही. रस्ता, गटार, समाजभवन, बसथांबा. प्रत्येकाखाली एक फोटो, फोटोत कुदळ आणि कुदळीमागं हसणारी गर्दी. गुळगुळीत कागदावर सगळंच खरं वाटतं.

मी वडगावच्या विणकराचा पोरगा. घरात दिवसभर यंत्रमागाचा खडखडाट, त्यामुळं मोठ्यानं बोलायची सवय लहानपणापासून. ती पुढं पीएच्या नोकरीत फार उपयोगी पडली. आमच्या आमदारबाईंना सगळा मतदारसंघ आक्का म्हणायचा, मीही आक्काच म्हणायचो. लोंढ्याच्या बाजूचा जंगलातला मुलूख, मराठी बोलणारी माणसं आणि विधानसभेचं कामकाज कन्नडमध्ये. आक्कांचं कन्नड बाजारहाटापुरतं झकास होतं, पण समितीच्या बैठकीत शेजारी मी लागायचो. म्हणजे पीए, दुभाषा, गाडीत कोण बसणार हे ठरवणारा आणि आक्कांचा राग अंगावर घेणारा, सगळं मीच.

लोक विचारतात, पीएचं काम काय? दारात येईल त्याचं ऐकून घ्यायचं. बेळगावात कॅम्पातले एक निवृत्त सुभेदार दर सोमवारी ऑफिसात येऊन शेजाऱ्याच्या कोंबड्याविरुद्ध तक्रार द्यायचे. कोंबडा आमच्या मतदारसंघातला नाही, हे मी त्यांना दर सोमवारी समजावून सांगायचो. ते म्हणायचे, "मग बाईंना सांगून तो मतदारसंघात घ्या." अशा माणसांवर मी भडकायचो, चहाही पाजायचो.

पण आमदाराचं खरं काम बघायचं असेल तर समितीत बघावं. सभागृहातली आरडाओरड पेपरात येते, समितीतली येत नाही. आमच्या आक्का अर्ज समितीवर होत्या. साध्या भाषेत सांगायचं तर, गावानं किंवा एखाद्या माणसानं थेट विधानसभेकडं अर्ज करायचा; समिती तो तपासते, खात्याच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून जाब विचारते, गरज वाटली तर जागेवर जाऊन बघते आणि शिफारस करते. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. तरी तिला वजन असतं, कारण त्यात सगळ्या पक्षांचे आमदार असतात. आणि समिती जागेवर आली की एकच गोष्ट महत्त्वाची असते: समितीला डोळ्यांनी काय दिसलं. जे दिसलं ते टिपणात जातं, जे टिपणात गेलं तेच पुढं चालतं.

करंजवाडीचा अर्ज असाच होता. लोंढ्याच्या पुढं जंगलात आत गेलं की एक रुंद नाला लागतो, नाल्यापलीकडं ही वाडी. पावसाळ्यात नाला भरला की वाडी तुटते. मोठ्या पावसात तर कोण पलीकडं, कोण अलीकडं, जो जिथं सापडला त्यानं तिथंच राहायचं. बांधकाम खातं म्हणायचं, घरं मोजकी, पूल परवडत नाही. वनखातं म्हणायचं, झाडं तोडता येणार नाहीत. आणि दोघं मिळून म्हणायचे, वाट बघा.

अर्ज होता शेवंताआक्काचा. पन्नाशीची विधवा बाई. नवऱ्याला ऐन श्रावणात साप चावला, माणसांनी घोंगडीत घालून नाल्यापर्यंत आणला आणि पाणी उतरायची वाट बघत तो काठावरच गेला. पण ती त्यासाठी आमच्या दारात आली नव्हती. आल्या आल्या तिनं मला स्पष्टच सांगितलं, "गेलेलं मानूस परत येत न्हाय, ते मला कळतंय सायेब. माझी पोरगी दिली हाय निपाणीकडं. तिचं लेकरू व्हायचं हाय. पयलं बाळंतपण आईकडंच व्हायला पायजे का न्हाय? तिची सासू म्हणते, तुमच्या त्या नाल्यापलीकडं माझी सून मी पाठवणार न्हाय." आणि मग पदर तोंडाला लावून रडली. "तिचं काय चुकलं? माझी असती तरी मी न्हाय पाठवली असती."

आक्कांनी तो अर्ज स्वतः लिहून घेतला, समितीपुढं लावून धरला आणि समितीला करंजवाडीला आणायचं कबूल करून घेतलं. समितीचे अध्यक्ष दूर कोरड्या मुलखातले, दुसऱ्या पक्षाचे. सज्जन माणूस, पण कडक. पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि थोडक्यात बोलायची सवय. आमच्या बाजूचा कुठलाही अर्ज आला की त्यांना त्यात राजकारणाचा वास यायचा. आक्का मला म्हणाल्या, "त्यांना काही सांगायचं न्हाय. नुसतं पाण्यात उतरवायचं. बाकीचं काम नाला करील." पावसाळ्यात दौरा ठरला तो दोनदा रद्द झाला, शेवटी दिवाळी झाल्यावर तारीख मिळाली. तेव्हाही नाल्याला मांडीच्या वर पाणी असतं. पुरे होतं तेवढं.

त्या दिवशी मी आणि आक्का समितीच्या तासभर आधी पोचलो. गाडीतनं उतरून नाल्याकडं गेलो.

नाल्यावर साकव उभा होता.

साकव म्हणजे लाकडाचा साधा पूल. पाणी ओसरलं, सुगी आटपली की अशा वाड्यांतली माणसं एकत्र येऊन दरवर्षी तो बांधतात. लांब खोडं आडवी टाकायची, बांबू बांधायचे, वेलींनी आवळायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर सोडवून ठेवायचा. दरवर्षी तो बांधायचा महिना अजून पुढं होता. पण हा साकव असला देखणा, की मी आयुष्यात बघितला नव्हता! दोन्ही बाजूंना कठडे, वर मातीचा लेप, दोन्ही टोकांना आंब्याच्या डहाळ्यांची कमान. काठ झाडून लख्ख केलेले. पुराच्या पाण्यानं आणून झाडाच्या फांद्यांत अडकवलेला गवताकाडीचा, प्लॅस्टिकचा जो कचरा डोक्याच्या वर लोंबत असायचा, तोही कुणी तरी चढून काढून टाकलेला. नाला एवढा गरीब दिसत होता, की यात माणूस मरेल हे सांगणाऱ्यालाच लोकांनी खोटं ठरवलं असतं.

कमानीखाली भिवाआप्पा उभे होते. वाडीतले वडीलधारे. नवा फेटा, तोंडभर हसू.

मी ओरडलोच, "आप्पा! अहो, काय करून ठेवलासा हे?"

"का? आवडला न्हाय?"

"अहो, पूल न्हाय हे दाखवायला समिती आणूलालोय आम्ही! आणि तुम्ही पूल बांधून ठेवलासा?"

आप्पांचं हसू मावळलं, पण माघार नाही. "व्हय रं बाबा. पर येवढी मोठी मानसं पयल्यांदा वाडीत येऊलालीत. त्यास्नी काय धोतर सोडून पान्यातनं आनायचं? गावाची अब्रू हाय का न्हाय?"

मागं शेवंताआक्का उभी होती. ती माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "मी गावच्या बैठकीत सांगितलंतं, नगा बांधू. बाईमानसाचं कोन ऐकतंय?"

आमदारआक्का पुढं झाल्या. त्या म्हणाल्या, "आप्पा, उतरवा. आत्ताच्या आत्ता."

कुणी हललं नाही. पोरंबाळं, बायामाणसं, सगळी आप्पांकडं बघायला लागली. आप्पा हळू आवाजात म्हणाले, "आक्का, न्हाय जमणार. साकव घालताना देवाला गाऱ्हाणं घातलंय. तो उतरायचा तो येळेवर, गाऱ्हाणं घालूनच. मधेच मोडला तर वाडीवर येतं. आणि पाव्हणा दारात असताना त्याच्या पायाखालचं काढून घ्यायचं? मी मेलो तरी हे पाप करनार न्हाय."

मी आक्कांना म्हणालो, बांबू तरी सोडायला सांगू. त्यांनी मला गप्प केलं. जंगलातल्या वळणावर गाड्यांचे हॉर्न ऐकू आले.

पुढं सगळं जसं व्हायला नको तसंच झालं. हलगी वाजली, आरती झाली, अध्यक्षांच्या कपाळाला कुंकू लागलं. अध्यक्ष साकवावरनं ऐटीत पलीकडं गेले. मधे थांबून कठडा हलवून बघितला, खाली वाकून वेलींच्या गाठी बघितल्या. त्यांच्या मुलखात एवढं पाणीच नाही, त्यांना सगळ्याचंच कौतुक. खात्याचे इंजिनिअर त्यांच्या मागोमाग होतेच. ते कन्नडमध्ये म्हणाले, "सर, ये-जा करायची सोय आहे. गावकरी स्वतः करतात. आम्ही हेच लिहून दिलं होतं." इंजिनिअर खोटं बोलत नव्हते, हीच तर अडचण होती.

पलीकडं शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. शेवंताआक्काला पुढं बोलावलं. मी दुभाषा. अध्यक्षांनी विचारलं, साकव कोणी बांधला? गावानं. कधी? परवा पुरा झाला. म्हणजे मनात आणलं तर बांधता येतो? यावर तिनं पोरीचं सांगितलं. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "बाई, बाळंतपण शहरातल्या दवाखान्यातच झालेलं चांगलं. तुझ्या विहीणबाईंचं बरोबर आहे."

मी हे मराठीत सांगितलं. शब्द न शब्द सांगितला, कारण माझं काम तेच होतं. ती खुर्चीची पाठ धरून उभी होती. म्हणाली, "व्हय, बरोबरच हाय त्यांचं." आणि मागं जाऊन बसली.

आक्का बोलायला उठल्या, नाल्याचा पावसाळ्यातला अवतार सांगायला लागल्या. अध्यक्षांनी हात वर केला. "तुमचा मतदारसंघ आहे, तुम्ही हेच सांगणार." मग त्यांनी सचिवाला टिपण सांगायला सुरुवात केली: ये-जा करण्यास सोय उपलब्ध, ग्रामस्थांचा सहभाग प्रशंसनीय, अर्ज निकाली काढण्यास हरकत नाही. मी हे आक्कांच्या कानात सांगत होतो. त्या समोर बघत होत्या. समितीतल्या माणसाला फार तर वेगळं मत लिहून देता येतं आणि ते अहवालाच्या शेवटी छापलं जातं. तिथवर कोण वाचतंय?

मी भिवाआप्पांकडं बघितलं. ते खांबाला टेकून ऐकत होते. त्यांना कन्नड चांगलं कळायचं, लोंढ्याच्या बाजारात त्यांचा जन्म गेला होता. टिपणातलं त्यांना सगळं कळत होतं. बघता बघता ते तिथनं उठून गेले. चार-सहा बापे त्यांच्या मागनं गेले. मला वाटलं, जेवणाची तयारी बघायला गेले असतील.

जेवण झालं. भात, कुळथाचा कट, नाचणीची भाकरी, फणसाच्या आठळ्यांची भाजी. पाहुणे पोटभर जेवले, हात धुतले आणि निघाले. नाल्यापाशी आलो तर साकव नव्हता.

खोडं पलीकडच्या काठावर ओढून ठेवलेली. बांबू एका बाजूला रचलेले. कमानी तेवढ्या दोन्ही बाजूंना उभ्या. पाण्याच्या कडेला केळीच्या पानावर नारळ फोडून ठेवलेला, आणि शेजारी भिवाआप्पा, फेटा काढून हातात धरलेला, छातीपर्यंत ओले. गाऱ्हाणं घालूनच त्यांनी साकव उतरवला होता. भलत्या वेळी, पाहुणे दारात असताना.

"इदेनिदु?" अध्यक्ष गरजले. हे काय आहे? मग ते आक्कांकडं वळले. "बाई, हा तुमचा तमाशा आहे. समितीची थट्टा? मी सभागृहात सांगेन."

आक्कांना काहीच माहीत नव्हतं, हे कोणाला पटणार? समितीचा अपमान म्हटल्यावर अर्ज तर गेलाच, आक्काही गेल्या.

तेवढ्यात आप्पांनी हात जोडले आणि तुटक कन्नडमध्ये स्वतःच बोलले. मला मधे घातलंच नाही. त्याचा अर्थ एवढा होता: "साहेब, आक्कांना काही बोलू नका. त्यांनी सकाळीच उतरवायला सांगितलंतं, मीच ऐकलं नाही. तुमचा मान म्हणून आम्ही साकव बांधला. तिथंच चुकलं. तुम्ही आमच्या घरी आलात, पण आमच्या वाटेनं आलाच नाहीत. आता जाताना तरी आमच्या वाटेनं जावा. आम्ही हात धरतो. कुणाला वाहून जाऊ देणार नाही."

इंजिनिअर म्हणाले, जंगलातनं वळसा आहे, चालत संध्याकाळ होईल. अध्यक्षांनी त्यांच्याकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं, मग वाकून वहाणा काढल्या. धोतराचा काचा मारला. आणि काय सांगू, उतरला की माणूस पाण्यात!

वाडीतल्या लोकांनी हाताला हात धरून साखळी केली. अध्यक्षांचा एक हात आप्पांच्या हातात, दुसरा शेवंताआक्काच्या. मी सचिवांचं दप्तर डोक्यावर धरून मागं. पाणी थंडगार, बुडाशी गोटे शेवाळलेले, मधे ओढ अशी की पाय ठेवीन तिथं राहीना. इंजिनिअरांनी बूट काढले नव्हते. ते मधेच आडवे झाले आणि दोघांनी त्यांना बगलेत धरून उचललं. अध्यक्षही एकदा घसरले. कमरेच्या वर भिजले, तोंडातनं आवाज निघाला. शेवंताआक्कानं त्यांना दोन्ही हातांनी गच्च धरलं. "भिऊ नगा," ती म्हणाली. मराठीतच म्हणाली.

नेमक्या मध्यावर ते थांबले. तिला खुणेनंच विचारलं, पावसाळ्यात किती? तिनं त्यांचा हात सोडला नाही. दुसरा हात डोक्याच्या वर नेला, बोटं ताणली आणि तरी पुरला नाही म्हणून मान हलवली. अध्यक्ष त्या हाताकडं बघत राहिले. मी मागं उभा होतो, दप्तराखाली, आणि माझ्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहत होतं. लाज वाटायचं कारण नव्हतं, सगळेच ओले होते.

काठावर आल्यावर अध्यक्षांनी अंग पुसायला दिलेला टॉवेल बाजूला ठेवला. सचिवाला म्हणाले, "सकाळी सांगितलेलं खोडा. नवीन लिहा." आणि कुडकुडत उभ्यानंच त्यांनी शिफारस सांगितली. इतकी कडक शिफारस मी माझ्या नोकरीत दुसरी ऐकली नाही. आक्कांशी ते एक शब्द बोलले नाहीत. गाडीत बसताना मात्र वाकून आप्पांना नमस्कार केला.

आता इथं पूल झाला असं लिहायला हात शिवशिवतो, पण सरकार असं चालत नाही. शिफारस सभागृहात ठेवली गेली. मग वनखात्याची परवानगी, मग नकाशा, मग नकाशा बदलला, मग निविदा, मग ठेकेदार पळाला. दर महिन्याला मी कुठल्या तरी टेबलाशी जाऊन मोठ्यानं बोलत होतो. शेवंताआक्काच्या पोरीचं पहिलं बाळंतपण निपाणीलाच झालं. मुलगी झाली. आजी नातीला बघायला गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली, दारात म्हैस होती म्हणून. निवडणूक आली तेव्हा मी कार्यअहवालात करंजवाडीचं पान घातलं होतं, मथळासुद्धा झकास होता. आक्कांनी ते काढायला लावलं. "पूल दिसत न्हाय तोवर छापायचं न्हाय," म्हणाल्या. मी लई भांडलो. त्या पडल्या. त्या पानानं जिंकल्या असत्या असं नाही, पण मला अजून वाटतं की छापायला पाहिजे होतं.

आणि आप्पा? त्यांना वाडीत कुणी काही बोललं नाही. त्यांनीच पुढच्या वर्षीपासून गाऱ्हाणं घालायचं बंद केलं, मान दुसऱ्याला दिला. मी विचारलं तर म्हणाले, "मी मोडलंय, मी कशाला घालू?" त्या माणसानं आपल्या हातानं आपला मान पाण्यात सोडला. कुठल्या अहवालात हे घालायचं, मला कधी कळलं नाही.

पूल झाला तो नव्या आमदारांच्या काळात. फीत त्यांनी कापली, पुस्तिकेत फोटो त्यांचा. चालायचंच, उद्या त्यांच्या कामाची फीतही दुसरं कोणी तरी कापेल. आम्हाला बोलावणं नव्हतं. पण काही महिन्यांनी शेवंताआक्काचा फोन आला, पोरगी दुसऱ्या खेपेला येऊलालीय, या. निवृत्त माणसाला आणि पडलेल्या आमदाराला वेळच वेळ. आम्ही गेलो.

आषाढ होता. नाला दोन्ही काठ भरून, लाल, घोंघावत चालला होता. वर काँक्रीटचा साधा पूल. पलीकडं शेवंताआक्का ओवाळायचं ताट घेऊन उभी, शेजारी वाकलेले आप्पा. जावयाची गाडी अलीकडं येऊन थांबली. थांबायचं काहीच कारण नव्हतं, पूल गाडीचाच होता. पण पोरीनं थांबवायला लावली असणार. ती उतरली, सातव्या महिन्याचं पोट, कडेला बोट धरून थोरली लेक. पुलाच्या तोंडाशी आली आणि सवयीनं वाकली, चपला काढून हातात घेतल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलं आणि पाण्याकडं बघत उभी राहिली.

"अगं चपला घाल की!" पलीकडनं तिची आई ओरडली. "वरनं ये! वरनं ये गं बाय, पूल झालाय!"

पोरीनं एकदा खाली बघितलं, एकदा वर बघितलं, आणि चपला हातातच धरून ती कोरड्या पुलावरनं, एकेक पाऊल चाचपत, आईकडं निघाली.